फुलगोबीचे दिवस

१९८६ साल. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा. शिक्षण चौथी, तीही पांढुर्ण्याला, अन् तिथंही गुरुजींनी वर ढकललं म्हणून. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं इंग्रजीचा मामला आहे. नंतर कोणी म्हणायला नको की या माणसानं आपली पायरी सांगितली नाही. दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हटलं म्हणून लिहून राहिलो. माझी पोरगी वंदना म्हणाली, मी तपासून देते. मी म्हटलं, काना-मात्रा तपास, मजकुराला हात लावू नको.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बस स्टँडसमोर माझी खानावळ होती. चार टेबलं, आठ बाकडी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागं चूल, अन् चुलीमागं आमचं घर. पाटी कधी लावली नाही. भुकेल्या माणसाला पाटी लागत नाही, वास लागतो.

खानावळ म्हणजे काय, हे ज्यांनी फक्त घरी जेवण केलं त्यांना सांगतो. आमच्याकडे गिऱ्हाईक दोन जातीचं, बसचं अन् महिन्याचं. बसचं गिऱ्हाईक एक डोळा ताटात अन् एक डोळा बसवर ठेवून जेवते. त्याच्यापुढं ज्वारीची भाकर ठेवायची नाही, चावायला वेळ लागते. त्याला पोळी अन् भात. महिन्याचं गिऱ्हाईक म्हणजे बदलीवर आलेला मास्तर, कंपाउंडर, पटवारी. त्याला घाई नसते, पण त्याला आठवण असते. सोमवारची भाजी गुरुवारी दिसली तर चालते, मंगळवारी दिसली तर बोंब. आमच्या पटवारीसाहेबांनी माझ्या वरणाला जितकी नावं ठेवली तितकी कोणी आपल्या पोरांना ठेवली नसतील, अन् तरी त्यांची नोकरी सौंसरला होती तोवर ते दुसरीकडे जेवले नाहीत.

ताट बोलते. भाकरीचे मोठे तुकडे मोडून खाली मान घालून जेवणारा घरी भांडून आलेला असतो. भात चिवडत बसणारा साहेबाची बोलणी खाऊन आलेला असतो. एक ड्रायव्हर होता, घाट चढायच्या आधी फक्त वाटीभर कढी प्यायचा अन् घाट उतरून आला की चौघांचं जेवायचा. मी त्याला कधी विचारलं नाही. ज्याचं त्याचं पोट.

अन् वाढायचं एक शास्त्र होतं. आमच्या भागात पहिलं 'नको' लाजेचं असते, दुसरं मानाचं, तिसरं खरं. पहिल्या नकोवर वाढणारा मागं सरला तर पाहुणा उपाशी उठते अन् घरी जाऊन आपली बदनामी करते. म्हणून माझ्या खानावळीत पहिले दोन नको मला ऐकू यायचे नाहीत.

आता इंग्रजीचं. वंदना त्या वर्षी मॅट्रिकला. आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली पोरगी तोवर एकही नव्हती. वंदना गणितात चांगली, हिंदी-मराठीत चांगली, पण इंग्रजीत कोरी, कारण सौंसरला इंग्रजीचा मास्तर टिकतच नव्हता. कोणी भोपाळचा यायचा, कोणी जबलपूरचा. आमच्या तर्रीनं तोंड पोळलं की आधी लोटाभर पाणी, मग बदलीचा अर्ज. एक तर जेवताजेवताच बस पाहून पळाला. मास्तर नाही म्हणजे इंग्रजी नाही, इंग्रजी नाही म्हणजे मॅट्रिक नाही. अन् मॅट्रिक नाही म्हणजे काय, तर माझी बहीण मोहगावहून एक स्थळ घेऊन तयारच होती. मी तिला सांगून ठेवलं होतं, पोरगी पास झाली तर पुढं शिकेल, नाही झाली तर तुझं ऐकतो. मी शब्द दिला की फिरवत नाही. त्यामुळं त्या वर्षी सगळं एका मास्तराच्या पोटावर येऊन ठेपलं होतं.

जुलै महिन्यात आले ते केरळचे. थॉमस नाव. सौंसरच्या तोंडात ते पहिल्याच दिवशी 'टमाससर' झालं अन् तसंच राहिलं. उंच, काळेसावळे, पांढरा शर्ट, हातात सदा छत्री. मराठी शून्य, हिंदी मोजून-मापून. शाळेच्या चपराशानं त्यांना आणून माझ्या बाकड्यावर बसवलं, तेव्हा मी मनात म्हटलं, हा माणूस काही झालं तरी जाऊ द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी मी जीव ओतला. ज्वारीची गरम भाकर, मिरचीचा ठेचा, पाटोडीचा रस्सा वर बोटभर तर्रीचा. सरांनी एक घास घेतला. डोळ्यात पाणी. मला वाटलं, आनंदाचं आहे. मी अजून रस्सा घेऊन गेलो. त्यांनी मान हलवली. ते पहिलं नको, मी ऐकलं नाही. पुन्हा मान हलवली. दुसरं, तेही नाही. मग त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले अन् म्हणाले, "फुल, भाऊ. फुल."

मी थांबलो. आत जाऊन बायकोला म्हटलं, सर काही मागून राहिले, फुल म्हणतात. ती म्हणाली, फुल म्हणजे फुलगोबी, दुसरं काय खाण्यात असते?

आता वाचणारे हसतील. हसा. पण मला एक सांगा, 'फुल' शब्द मला माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. समोर रोज बस फुल जात होती. टॉकीज फुल होते, ट्रक फुल होते. पण माणूस फुल असतो, हे मला काय माहीत? आमच्यात माणसाचं पोट भरते, माणूस नाही भरत. तेव्हा चूक माझी नव्हती, चूक त्या भाषेची होती, अन् हे माझं मत आजही कायम आहे.

तर पावसाळ्यात फुलगोबी. आमच्या बाजारात तेव्हा गोबीचं नाव नाही. शेषराव म्हणून नागपूरच्या बसचा कंडक्टर माझ्याकडे जेवायचा, त्याला सांगितलं. तो नागपूरच्या बाजारातून गोबी आणायचा, इंजिनाजवळ टोपलीत ठेवून. पावसाळी गोबीत अळी असते. ती काढायची म्हणजे गोबी उलटी धरून मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, मग अळ्या आपोआप बाहेर. एवढी उस्तवार करून दुसऱ्या दिवशी सरांपुढं फुलगोबीची भाजी ठेवली, झणझणीत.

सर भले माणूस. त्यांनी पाहिलं की बाकीच्यांना चवळी अन् आपल्यालाच गोबी. समजले, हा मान आहे. खाल्ली. मी पुन्हा वाढायला गेलो, ते म्हणाले, "फुल, फुल." मी बायकोला म्हटलं, पाहा, आवडली. तिसऱ्या दिवशी मोठा गड्डा आणला. जितकं ते फुल म्हणत तितकी मी गोबी वाढवत गेलो, जितकी मी गोबी वाढवत गेलो तितके ते लवकर फुल म्हणायला लागले. पटवारीसाहेब रोज विचारायचे की आम्ही काय पाप केलं, आम्हाला काऊन गोबी नाही. मी म्हणायचो, तुम्ही इंग्रजी शिकवा, तुम्हालाही देतो.

एकदा सकाळी सरांनी पाव अन् जाम मागितला. मला आनंद झाला, हा शब्द तर आपला होता. स्टँडवरून पाव आणला अन् दोन चांगले पिकलेले जाम, म्हणजे ज्याला पुण्याकडचे लोक पेरू म्हणतात ते, चिरून, तिखट-मीठ लावून पाठवले. सरांनी पाव ठेवला अन् जाम खाल्ले. त्याच्यानंतर ते शाळेतून येताना रोज गाडीवरून जाम घ्यायचे. मला वाटलं, काय शौकीन माणूस आहे. तो माणूस जामावर जगून राहिला होता, हे मला कुठं दिसत होतं.

इकडं शाळेत वेगळीच मजा. सरांनी वर्ग पाहिला अन् मॅट्रिकचं पुस्तक बाजूला ठेवलं. म्हणाले, आधी जेवणापासून सुरू करू, जेवण सगळ्यांना येते. रोज एकेकाला उभं करून विचारायचं, आज काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कोणासोबत खाल्लं, अन् उत्तर इंग्रजीत. पोरं म्हणत, आय ईट भाकर. भाकरीला इंग्रजी नाही, असं सरांनी सांगितल्यावर पोरांची छाती फुगली.

वंदना ते सगळं चुलीपाशी येऊन मला सांगायची. तिनं सांगितलं, सकाळचं ते ब्रेकफास्ट. फास्ट म्हणजे उपास अन् ब्रेक म्हणजे मोडणं. मी म्हटलं, म्हणजे इंग्रज रात्री झोपला की उपास धरते? आमच्यात असा उपास धरला तर देव हसेल. मग ती म्हणाली, इंग्रजीत जेवायलाही 'हॅव' म्हणतात अन् जवळ असण्यालाही 'हॅव'. हे मला काही पटलं नाही. मी तिला सांगितलं, बाई, घरात असणं वेगळं अन् खायला मिळणं वेगळं. ज्यानं ही भाषा केली तो कधी उपाशी झोपला नसेल. तिनं हे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. सर म्हणाले, तुझ्या वडिलांना सांग, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी चार दिवस ताठ मानेनं भाकरी थापल्या.

वंदनाचं इंग्रजी सुधारून राहिलं अन् सर वाळून राहिले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती ढिली झाली. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. मी ताट वाचणारा माणूस, पण ते ताट मला वाचता येईना. ताटात गोबी उरायची नाही, अन् माणूस तर उतरत चाललेला. मला वाटलं, घरची आठवण असेल.

पोळा झाला, सावरगावची दगडफेकीची गोटमार झाली, अन् एका दुपारी शेषराव कंडक्टर जेवताजेवता सहज म्हणाला, "भाऊ, तुमचे टमाससर उद्या सकाळच्या बसनं नागपूरला चालले. पुढं रेल्वेनं गावाला. खिडकीजवळची शीट ठेव म्हणाले."

मी विचारलं, परत कधीची. तो म्हणाला, ट्रंक पण सोबत आहे.

माझ्या हातातली कडची तशीच राहिली. तेवढ्यात शाळा सुटून वंदना आली. दप्तर न काढता चुलीपाशी उभी राहिली. तिचे डोळे लाल.

"बाबा, सर जाऊन राहिले. आज शेवटचा वर्ग घेतला."

"माहीत झालं."

"बाबा, आपण त्यांना रोज गोबी काऊन देतो?"

"ते मागतात म्हणून."

"काय म्हणून मागतात?"

"फुल म्हणतात ना."

तिनं दप्तर खाली टाकलं. म्हणाली, आज सरांनी शेवटी दोन वाक्यं शिकवली. पोटावर हात ठेवून, आय ॲम हंग्री, म्हणजे भूक लागली. अन् ताटावर आडवे हात धरून, आय ॲम फुल. "बाबा, फुल म्हणजे पोट भरलं. पुरे. ते नको म्हणून राहिले होते."

चुलीवर वरण उतू गेलं, कोणी पाहिलं नाही. बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही. मी म्हटलं, सरळ 'बस' म्हणायला काय झालं होतं त्यांना. वंदना म्हणाली, आता भांडून काय उपयोग, सकाळी ते जातील. मी विचारलं, त्यांच्या गावाला काय खातात? तिला सगळं पाठ होतं, वर्गात तेच तर चालायचं. सर सांगायचे, आय ईट राइस, आय ईट फिश, अन् सगळ्यात नारळ. तेलही नारळाचं.

दिवस मावळायला वेळ होता. मी उठलो. कन्हान नदीची मासोळी घेऊन येणारी ढिवरीण बाजारात असायची, तिच्याकडचा ताजा रोहू घेतला. देवळाजवळच्या दुकानात पूजेचे नारळ होते, होते तितके सगळे उचलले. दुकानदारानं विचारलं, कोणतं मोठं कार्य आहे. मी म्हटलं, आहे. तेलाचा प्रश्न राहिला. सौंसरला नारळाचं तेल एकाच कामाचं. मी आत जाऊन बायकोच्या फणीजवळचा डबा उचलला.

ती आडवी आली. "अवो, डोक्याचं तेल पोटात कोणी घालते का?"

"केरळात घालतात."

"मग उद्या मी डोक्याला काय लावू?"

"जवसाचं."

त्या तेलात गोडलिंबाची पानं पडली अन् असा वास उठला की बस स्टँडवरचे लोक वळून पाहायला लागले. नारळ वाटून रस्सा केला, मिरची नावाला. वंदना पाट्यावर वाटता वाटता मला एक वाक्य घोकून घेत होती. मला ते जमेना. 'हंग्री' म्हणताना माझं 'हंगरी' होत होतं. ती म्हणाली, बाबा, जीभ आत घ्या. मी म्हटलं, माझी जीभ आजवर कोणी आत घेऊ शकलं नाही.

पटवारीसाहेब आले, दारातच थांबले, नाकाला रुमाल लावला. "भाऊ, ही खानावळच आहे ना? मी चुकून न्हाव्याच्या दुकानात तर नाही शिरलो?" मी म्हटलं, बसा, आज हेच आहे, नसेल चालत तर समोर भजी मिळतात. ते पुटपुटत बसले.

सर आले ते जेवायला नव्हतेच आले, निरोप घ्यायला आले होते. छत्री हातात. काही बोलायला तोंड उघडलं, अन् वास त्यांच्यापर्यंत पोहोचला. तोंड तसंच राहिलं. मी खांद्यावरचा पंचा सारखा केला अन् त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वंदना दाराआडून ओठ हलवून राहिली होती.

"सर," मी म्हटलं, "यू हंग्री?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच बाकड्यावर बसले. छत्री टेबलाला टेकवली.

"यस, भाऊ. व्हेरी हंग्री. सिन्स जुलै."

जुलै मला कळलं. बाकीचं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी भाताचा ढीग केला. ते हातानं जेवले, आमच्यापेक्षा जोरात, मनगटापर्यंत. रस्सा भातात कालवून गोळा करत अन् तो असा फेकल्यासारखा तोंडात टाकत. काटा काढायला थांबत नव्हते, जिभेनंच काढत. मी वाढत गेलो, ते जेवत गेले. एकही नको नाही. खानावळीतली बाकीची माणसं आपलं जेवण सोडून पाहत बसली. पटवारीसाहेबांनी आपली वाटी हळूच पुढं सरकवली अन् म्हणाले, काटे कमी असलेला तुकडा असेल तर पाहू. नारळाचा सगळा रस्सा संपला, पातेलं मी पोळीनं पुसून दिलं.

हात धुऊन सर आले. मी वाट पाहत होतो की आता हात जोडतील, मग आपणही जोडू, काय करणार. त्यांनी हात नाही जोडले. चुलीकडे पाहिलं, रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, अन् म्हणाले, "भाऊ, टुमारो? टुमारो व्हॉट?"

वंदना दाराआडून ओरडली की उद्या काय आहे विचारून राहिले. तिनं सांगायची गरज नव्हती. खानावळीच्या धंद्यात एवढं कळते. उद्या काय आहे असं विचारणारा माणूस गाव सोडत नाही.

सर त्याच्यापुढं सात वर्षं सौंसरला राहिले. वंदना मॅट्रिकला इंग्रजीत पास झाली, काठावर नाही, चांगली. माझ्या बहिणीनं स्थळ दुसरीकडे जुळवलं अन् वर्षभर माझ्याशी बोलली नाही. वंदना पुढं स्वतः मास्तरीण झाली. बदली होऊन सर गेले तेव्हा त्यांना वऱ्हाडी बोलणं असं यायचं की नवीन आलेल्या माणसाला तेच सांगायचे, 'तर्री खाऊन तं पाहा.' त्यांनी मला अनेकदा बोलावलं, केरळला या, समुद्र पाहा, माझी आई तुम्हाला वाढेल. मी दर वेळी म्हटलं, खानावळ बंद कशी ठेवू. आता खानावळ नाही, तिथं मोबाइलचं दुकान आहे, अन् गुडघे नाहीत. तेवढं एक राहून गेलं. त्या माऊलीनं मला किती वाढलं असतं अन् मी किती वेळा नको म्हटलं असतं, हे काही कळलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रात्री सरांना मी 'टुमारो फिश' असं सांगून मोकळा झालो होतो, अन् गावात नारळ एक उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, दोन रिकामी पोती अन् तेलाचा डबा घेतला अन् स्टँडवर गेलो. शेषरावनं बस लावून खिडकीजवळच्या शीटवर रुमाल टाकून ठेवला होता. त्यानं विचारलं, सर कुठं आहेत. मी म्हटलं, झोपले आहेत, त्यांना उठवू नको, अन् रुमाल उचलून त्या शीटवर मी बसलो.